चार पायांची मालमत्ता

पॅरामॅटातल्या भाजीवाल्याने सुटे पैसे परत देताना माझ्या हातात वीस डॉलरची लालसर नोट ठेवली. तिच्यावर चष्मा लावलेली, डोक्याला झालरीची टोपी घातलेली एक प्रौढ बाई होती. चेहरा असा, की घरातल्या सगळ्या सुना वचकून असाव्यात. मी नातवाला विचारलं, “ही राणी कोणती रे?” तो पिशवीतलं सफरचंद काढत म्हणाला, “राणी नाही आजोबा, घोडाचोर आहे. आम्हाला शाळेत आहे ती.”

तुरुंगात जाऊन आलेला माणूस नोटेवर असण्याचं आपल्याला काही नवल नाही. आपल्या नोटेवरचे गांधीजीही कितीदा जाऊन आले. पण घोडा चोरून नव्हे. लेकीच्या घरी त्या खेपेला मी पाच महिने होतो. थंडीचे दिवस, घरातली सगळी सकाळी आठला बाहेर पडायची, आणि मी नातवाचा जुना लॅपटॉप घेऊन या बाईच्या मागे लागलो. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १६७४ ते १९१३ या काळातले खटले आता घरबसल्या वाचता येतात. चाळीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली केलेल्या माणसाला याहून मोठी चैन कोणती?

नोटेवरची बाई म्हणजे मेरी रीबी. माहेरची मेरी हेडॉक, जन्म १७७७, इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं बरी हे गाव. मुलाचे कपडे घालून, जेम्स बरो असं नाव सांगून ती फिरत होती आणि घोडा चोरल्याच्या आरोपावरून स्टॅफर्डला तिला शिक्षा झाली तेव्हा तिचं वय तेरा होतं. खटला चालू असताना मुलगा ही मुलगी निघाली. सात वर्षांची हद्दपारी. ‘रॉयल ॲडमिरल’ नावाच्या जहाजातून १७९२च्या ऑक्टोबरात ती सिडनीला उतरली. पुढे थॉमस रीबी या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या तरुणाशी लग्न, सात मुलं, १८११मध्ये वैधव्य, आणि त्यानंतर जहाजं, गोदामं, जमिनी यांचा तिने एकटीने वाढवलेला कारभार. न्यू साउथ वेल्सची पहिली बँक १८१७ साली सुरू झाली ती तिच्याच घरात. १९९४पासून ती नोटेवर आहे.

ही गोष्ट ऑस्ट्रेलियात फार आवडीने सांगितली जाते आणि का आवडते ते कळतंच. मला मात्र ती वाचताना माझा एक अशील आठवत राहिला.

१९७३ साल. बहात्तरचा दुष्काळ सरत आलेला, माझ्या अंगावरचा काळा कोट अजून कडक. तिशीतला एक माणूस, आरोप एका शेळीच्या चोरीचा. शेळी खाऊन झाली होती. फिर्यादी मेंढपाळ शेळीचं कातडं घेऊनच कोर्टात आला आणि त्याने कानाची चीर दाखवली. आमच्याकडे ज्याची त्याची कान कापायची खूण वेगळी असते. त्या पुराव्यापुढे मी काय बोलणार? नेहमीचं बोललो. आरोपी गरीब आहे, घरी बायको आणि दोन लेकरं आहेत, दया व्हावी. दया झाली. कायद्यात तीन वर्षांपर्यंत सोय होती, त्याला चार महिने मिळाले. सुटल्यावर तो माझ्या पडवीत येऊन बसला. बायको पोरांना घेऊन ऊसतोडीला गेली होती. कोणत्या मुकादमाच्या टोळीबरोबर, ते गावात कुणाला माहीत नव्हतं. वकीलसाहेबांना ठाऊक असेल असं त्याला वाटलं होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि मी चौकशीही केली नाही.

असो. इंग्लंडला जाऊ.

जनावराच्या चोरीबद्दल इंग्लिश कायद्याची भाषा किती दात-ओठ खाऊन लिहिलेली होती, याचे दोन मासलेवाईक किस्से ब्लॅकस्टन या न्यायशास्त्र्याने १७६५मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्याच्या पहिल्याच खंडात नोंदले आहेत. जुन्या काळी तिथे एक सवलत होती : पाद्र्याला फाशी द्यायची नाही. पुढे ज्याला बायबलातलं कडवं वाचता येईल तो पाद्रीच, असं धरून पहिल्या गुन्ह्याला सूट मिळू लागली. सोळाव्या शतकात, सहाव्या एडवर्डच्या पहिल्याच वर्षी, कायदा झाला की ‘घोडे’ चोरणाऱ्याला ही सवलत नाही. न्यायाधीशांनी चष्मा पुसून विचार केला : कायद्यात अनेकवचन आहे, मग एकच घोडा चोरला तर? दुसऱ्या वर्षी केवळ एकवचनासाठी नवा कायदा करावा लागला.

दुसरा किस्सा मेंढीचा. १७४१ साली ‘मेंढ्या किंवा इतर गुरं’ चोरण्याला फाशी लागली. पुन्हा प्रश्न : ‘इतर गुरं’ म्हणजे कोणती? माणसाचा जीव घ्यायचा तर इतका सैल शब्द चालणार नाही, म्हणून तो कायदा फक्त मेंढीपुरताच धरला गेला. मग पुढच्या अधिवेशनात संसदेने एकेका जनावराचं नाव घेतलं : वळू, गाई, बैल, गोऱ्हे, खोंड, कालवडी, वासरं आणि कोकरं. लंडनच्या सभागृहात रेशमी पायमोजे घातलेले सरदार बसून कालवड आणि गोऱ्हा यांतला फरक कायद्यात घालत आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्या १८६०च्या दंडसंहितेतही हीच सवय उतरली. कलम ४२९ काढून पाहावं. जनावर मारण्या-लुळं करण्याच्या गुन्ह्यात हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, वळू, गाय, बैल अशी नावनिशीवार यादी २०२४मध्ये ती संहिता जाईपर्यंत होती आणि शेळ्या-मेंढ्या ‘इतर’ मध्ये, पन्नास रुपये किंमत भरली तर. मी ते कलम शेकडो वेळा वाचलं असेल. त्यात कुणाचा आवाज आहे हे मला सिडनीत बसून कळलं.

पण मेंढीसाठी फाशी कशाला? तिची किंमत म्हणून नव्हे. लंडनच्या सराफाकडचं घड्याळ कितीतरी महाग होतं. मला जे समजलं ते असं : घड्याळाला पेटी असते, पेटीला कुलूप, घराला दार. मेंढी मात्र रात्रभर उघड्यावर असते. मालक दोन कोस लांब झोपलेला आणि जनावर इतकं गरीब की ओळखीचा असो नसो, जो हाकेल त्याच्या पुढे चालतं. पोलीसही नव्हते, लंडनचं पोलीस दल १८२९चं, खेड्यांत ते त्याहून उशिरा पोचलं. चोर शोधायचा मालकानेच, साक्षीदार गोळा करायचे त्यानेच, खटला चालवायचा त्यानेच आणि खर्चही त्याचाच. म्हणून शेतकऱ्यांनी वर्गण्या काढून गुन्हेगारांवर खटले भरण्यासाठी मंडळं काढली, बक्षिसाची पत्रकं छापून दारूच्या गुत्त्यांवर डकवली. मेंढीचोराला दोषी ठरवून देणाऱ्याला कायद्यानेच दहा पौंड ठेवले होते. शेतमजुराची आठवड्याची कमाई आठ-नऊ शिलिंग, तेव्हा दहा पौंड म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांची मजुरी. जिथे भिंत नाही आणि राखणदारही नाही तिथे फाशीची धास्ती उभी केलेली होती. मेंढीभोवती कुंपण म्हणून कायदा घातला होता.

खरंखुरं कुंपणही त्याच काळात पडत होतं. गावोगावची गायरानं, पडीक माळ, जिथे मजुराचीही एक गाय किंवा चार बदकं चरायची, ती संसदेच्या स्वतंत्र कायद्यांनी वाटून, झुडपांची कुंपणं घालून खाजगी होत गेली. साधारण १७६० ते १८३०च्या दरम्यान असे हजारो कायदे झाले. ज्याच्याकडे जमिनीचा कागद होता त्याला वाटा मिळाला. ज्याच्याकडे फक्त वहिवाट होती त्याला बहुधा काही नाही. वतनाच्या आणि गायरानाच्या दाव्यांत आयुष्य घालवलेल्या वकिलाला ‘कागद आणि वहिवाट’ हे भांडण समजावून सांगावं लागत नाही. काल ज्या माळावर याचं जनावर चरत होतं, त्याच माळावर आज दुसऱ्याचा कळप, आणि मध्ये काटेरी झुडूप. पाव महागला किंवा युद्ध संपून शिपाई बेकार होऊन घरी परतले, की चोरीचे खटले वाढायचे, हे त्या काळच्या गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं आहे.

तरी सगळेच चोर भुकेले होते असं म्हणण्याचा मोह आवरायला हवा. खटले वाचताना दोन जाती स्पष्ट दिसतात. एकात एकच मेंढी असते, रात्री शेतातच मारलेली. मुंडकं आणि कातडं ओढ्यात टाकलेलं, मांस घरातल्या माठात मिठात घातलेलं. पुरावा ठरलेला : कानाची खूण, पाठीवरचं डांबराचं अक्षर, शेतात सापडलेल्या धडाला घरात सापडलेली तंगडी बरोबर जुळणं. (इथे मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बसलो होतो.) दुसऱ्या जातीत चोर धंदेवाईक असतात. जनावरं हाकणारे, खाटीक, या परगण्यातला घोडा रंगवून त्या परगण्याच्या बाजारात विकणारे. त्यांना भुकेची सबब नव्हती. कायद्याला मात्र दोघांत फरक करता येत नव्हता. कोकरू चोरलं तरी फास आणि मेंढी चोरली तरी फास, मग मेंढीच का नको, अशा अर्थाची म्हण इंग्रजीत आजही आहे. ती कुणाच्या अनुभवातून आली असेल ते उघड आहे.

आता मुख्य गोष्ट. फाशीची शिक्षा झालेल्या मेंढीचोरांपैकी बहुतेक फासावर गेलेच नाहीत. वर्षातून दोनदा न्यायाधीश घोड्यांच्या गाडीतून परगण्यात येत, काळी टोपी चढवून एकामागून एकाला मरणाची शिक्षा सुनावत, आणि मुक्काम हलवण्याआधी एक यादी करत : यांना खरंच लटकवा, बाकीच्यांसाठी राजाकडे दयेची शिफारस. त्या दयेसाठी गावचा पाद्री लिहायचा, जमीनदार लिहायचा, कधीकधी तर ज्याची मेंढी गेली तो फिर्यादीसुद्धा सही करायचा. डग्लस हे या इतिहासकाराने १९७५मधल्या एका गाजलेल्या निबंधात म्हटलं आहे की ही व्यवस्था ढिली नव्हती, ती अशीच चालण्यासाठी होती. फाशीमुळे भीती राहायची आणि दयेमुळे उपकार. जीव ज्याच्या शब्दावर वाचला त्याच्यापुढे सारं गाव टोपी काढून उभं राहायचं.

हे यांच्या मांडणीला मी माझ्यापुरती एक पुस्ती जोडतो. त्या दयेचा जमाखर्चही होता. राजा फाशी माफ करायचा ती एका अटीवर : समुद्रपार जा. म्हणजे दया मिळालेला प्रत्येक माणूस हा कुठल्यातरी वसाहतीला फुकट मिळालेला मजूर. १७१७च्या कायद्याने ही घडी नीट बसवली; त्यानंतर १७७५पर्यंत सुमारे पन्नास हजार कैदी अमेरिकेला गेले, मुख्यतः व्हर्जिनिया आणि मेरीलँडला. ठेकेदार त्यांना तिकडे नेऊन मळेवाल्यांना मुदतीपुरते विकत असत. अमेरिका बंड करून उठली आणि हे गिऱ्हाईक गेलं. दया मात्र थांबवता येईना, कारण इतक्या जणांना फाशी देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मग थेम्स नदीत जुनी, शिडं उतरवलेली जहाजं नांगरून त्यांत कैदी कोंबले. ती भरून वाहू लागली तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाचा किनारा आठवला. १३ मे १७८७ रोजी पोर्ट्समथहून अकरा जहाजं निघाली. आठ महिन्यांनी, २६ जानेवारी १७८८ला, सिडनीच्या खाडीत झेंडा लागला. १८६८मध्ये शेवटचं जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियात पोचेपर्यंत एक लाख साठ हजारांवर माणसं या वाटेने गेली. त्यांत जनावरं चोरणारे हजारो.

प्रवासाबद्दल थोडक्यात. १७९०च्या दुसऱ्या ताफ्यात चढलेल्या कैद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वाटेतच मेला. ठेकेदाराला पैसे चढवलेल्या डोक्यामागे होते, उतरवलेल्या नव्हे, एवढं सांगितलं की पुरे. पुढे जहाजावर डॉक्टरला अधिकार मिळाले आणि ही मरणं पुष्कळ कमी झाली.

शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्मभराची. पण सात वर्षांच्या शिक्षेत परतीचं भाडं धरलेलं नसे. मुदत संपली की माणूस मोकळा, घर मात्र आठ महिन्यांच्या समुद्रापलीकडे. मुदतीआधी परत आला तर १८३४पर्यंत त्यालाही फाशीच होती. मागे राहिलेली बायको-मुलं गावच्या धर्मादायावर जायची आणि गाव कुरकुरायचं. नवऱ्यामागे आम्हालाही पाठवा, असे बायकांचे अर्ज सरकारी दप्तरात आहेत. ती लांबलचक, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली, आदराने ओथंबलेली वाक्यं मी ओळखतो. आमच्या कोर्टाबाहेरचा अर्जनवीस अशीच वाक्यं लिहायचा.

१८३२मध्ये घोडा, मेंढी, गुरं यांच्या चोरीची फाशी रद्द झाली. सुधारकांचा विजयच तो. पण तिच्या जागी जन्मभराची हद्दपारी आली आणि ती न्यायाधीशाच्या मर्जीवर नव्हती, सक्तीची होती. काही वर्षांतच ती मुदत खाली आणावी लागली. दुष्काळात आयर्लंडची जी दैना झाली तिचं प्रतिबिंबही याच नोंदींत आहे. १८४५पासून बटाट्याचं पीक कुजलं आणि गाई-मेंढ्यांच्या चोऱ्या एकदम वाढल्या. हद्दपारीच्या जहाजावर निदान दोन वेळा खायला मिळतं, म्हणून मुद्दाम गुन्हा करून न्यायाधीशाकडे तीच शिक्षा मागणारे लोक निघाले. शिक्षेचा धाक कुठे संपतो ते यावरून कळावं.

पलीकडे काय झालं? सिडनीच्या संग्रहालयात पहिल्या राजभवनाचा पाया काचेखाली दाखवून ठेवला आहे. त्या विटांचं काम जेम्स ब्लडवर्थ या गवंड्याच्या देखरेखीखाली झालं. ऑक्टोबर १७८५मध्ये लंडनजवळच्या किंग्स्टनला त्याला सात वर्षं मिळाली ती एक झुंजीचा कोंबडा आणि दोन कोंबड्या चोरल्याबद्दल. त्याच किंग्स्टनला त्याच वर्षी कोंबड्यांपायीच शिक्षा झालेला जेम्स स्क्वायर पुढे ऑस्ट्रेलियातला पहिला नामांकित बिअरवाला झाला. एन्फिल्डचा खाटीक विल्यम फील्ड चोरीच्या मेंढ्या घेतल्याबद्दल चौदा वर्षांसाठी आला आणि टास्मानियाच्या उत्तर भागातला सर्वांत मोठा जमीनदार होऊन मेला. ही नावं सांगताना मजा येते. पण एकामागे हजार कोण होते तेही पाहिलं पाहिजे. ते मेंढपाळ होते.

वसाहतीत जनावर हेच मुळात दुर्मीळ होतं. पहिल्या ताफ्याबरोबर केपहून आणलेली सहा-सात गुरं, कैदी गुराख्याची नजर चुकली आणि १७८८मध्येच रानात गेली. सात वर्षांनी सापडली तेव्हा त्यांचा साठेक डोक्यांचा कळप झाला होता. १७९५मध्येच ‘एन्डेव्हर’ नावाचं जहाज आपल्या मुंबईहून शंभराहून जास्त गुरं घेऊन सिडनीला लागलं. लोकरीचा राजा म्हणवला गेलेला जॉन मॅकार्थर यानेही सुरुवात केली ती कलकत्त्याहून आलेल्या साठ बंगाली मेंढ्यांनी. त्यांच्या अंगावर लोकरीपेक्षा केसच जास्त. आयरिश जनावरांशी संकर झाल्यावर पिल्लांच्या अंगावर लोकर दिसली आणि त्याचं डोकं चालू लागलं. पुढे मेरिनो आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यॉर्कशायरच्या गिरण्यांना बाहेरून येणारी लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियाची झाली.

या कळपांना कुंपण नव्हतं. तारेची कुंपणं सर्रास झाली ती सोन्याच्या शोधानंतर, म्हणजे राखणारी माणसं खाणींकडे पळाल्यावर. तोवर सरकार मालकाला कैदी नेमून द्यायचं. कैद्याला मजुरी नाही. पीठ, मांस, चहा, साखर आणि वर्षाला दोन जोड कपडे. तो दिवसभर कळपामागे आणि रात्री झोपडीतला जोडीदार वाघरीजवळ जागा. दर संध्याकाळी मोजणी. मेंढ्या हरवल्या तर मालक त्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचा आणि तिथे पन्नास फटके मिळायचे. तो मॅजिस्ट्रेट बहुधा शेजारचा मेंढीवालाच. मायदेशी एक मेंढी नेली म्हणून जो इथे आला, तो इथे आठशे मेंढ्यांचं कुंपण झाला होता.

आणि कुंपण म्हटलं की बाहेर कुणीतरी असतंच. ही जमीन मोकळी नव्हती. हजारो वर्षांची वहिवाट असलेली माणसं तिथे होती, फक्त इंग्रजांना दाखवता येईल असा कागद त्यांच्याकडे नव्हता. पाणवठे मेंढ्यांनी तुडवले, कांगारू हटले, तेव्हा त्यांनी समोर चरणारी जनावरं भाल्याने मारून खाल्ली. याला वसाहतीच्या वहीत शब्द ठरलेला होता : जनावरांची चोरी. १० जून १८३८ रोजी उत्तरेकडच्या मायॉल क्रीक या गुरांच्या ठाण्यावर बारा गुराख्यांनी वीराय्याराय जमातीची किमान अठ्ठावीस माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, दोरीला बांधून नेऊन कापून काढली. बारांपैकी अकरा जण शिक्षा भोगत असलेले किंवा भोगून सुटलेले कैदी होते. पहिल्या खटल्यात सुटले. दुसऱ्यात सात जण दोषी ठरले आणि १८ डिसेंबरला फासावर गेले. बारावा, त्यांच्या पुढे असलेला, स्वतंत्र जन्माचा जमीनदारपुत्र. तो कधीच सापडला नाही. मोठमोठ्या मेंढीवाल्यांनी वर्गणी काढून आरोपींना वकील दिले होते. गुन्हेगारांवर खटले भरायला वर्गणी काढणाऱ्या इंग्लंडातल्या त्या मंडळांची इथे मला आठवण झाली. मी वकील आहे, आणि आरोपीला वकील मिळालाच पाहिजे असंच म्हणेन. पण त्या वर्गणीदारांची यादी वाचायला मला आवडलं नसतं.

माझी वकिली सुरू झाली तेव्हा सीनियरांकडची दंडसंहितेची प्रत जुनी होती, १९५५च्या दुरुस्तीपूर्वीची. तिच्या कलम ५३मध्ये शिक्षांच्या यादीत मृत्युदंडाच्या लगेच खाली ‘काळं पाणी’ होतं. सीनियरांनी त्यावर शाईने रेघ मारून बाजूला ‘आजन्म कारावास’ लिहिलं होतं. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान दिसतं, सावरकर दिसतात. ते स्वाभाविकच आहे. ज्या शिक्षेचा सराव आधी केंट आणि कॉर्कच्या शेतमजुरांवर झाला होता, तीच पुढे आपल्याकडे आली, हे मात्र चाळीस वर्षांत एकाही सीनियरने मला सांगितलं नव्हतं, आणि मीही एकाही ज्युनियरला सांगितलं नाही.

या जानेवारीत लेक आणि जावयांनी पर्थची सहल काढली. फ्रीमँटलपासून अठरा-एकोणीस किलोमीटरवर रॉटनेस्ट नावाचं बेट आहे, मूळ नाव वाजेमप. तिथे क्वोका नावाचा मांजराएवढा गुबगुबीत प्राणी असतो आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला जगभरातून लोक येतात. नातवानेही काढला. १८३८पासून, म्हणजे मायॉल क्रीकच्याच वर्षापासून, हे बेट आदिवासी कैद्यांचा तुरुंग होतं. पुढच्या दशकांत सुमारे ३,७०० पुरुष आणि मुलगे इथे आणले गेले. कित्येक जण हजारो किलोमीटर उत्तरेकडून, गळ्यात साखळी घालून चालवत. त्यांतल्या पुष्कळांचा गुन्हा एकच : मेंढी किंवा गाय मारली. पावणेचारशेच्या आसपास माणसं इथेच मेली. समुद्र ओलांडणं हे त्यांच्या दृष्टीने काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तुरुंगाची आठ कोनांची इमारत अजून उभी आहे. २०१८पर्यंत ती हॉटेलचा भाग होती. कोठड्या एकमेकींत फोडून खोल्या केलेल्या. शेजारी झाडांखाली, जिथे ती माणसं नावाशिवाय पुरली आहेत, तिथे १९९३पर्यंत सहलीला आलेली कुटुंबं तंबू ठोकून राहत होती. आता तिथे तंबू नाहीत. एक पाटी आहे आणि साधा कठडा. कठड्यापाशी मी बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा नातू शोधत आला. आईसक्रीमच्या दुकानात सुटे नव्हते. त्याच्या हातात वीसची नोट होती. तो म्हणाला, “आजोबा, तुमच्याकडे दहाच्या दोन आहेत का?”